राखण कुणी करायची

आबा,

आज धुळवड आहे. माय ओट्यावर ज्वारी पाखडत बसलीय आणि मी तिच्यासमोर, फोन मांडीवर घेऊन. सकाळपासून ती मला बघतेय. शेवटी न राहवून म्हणाली, "कर की एकदाचा फोन." मी म्हटलं, "न्हाई करायचा." "मग त्याच्याकडं असं टक लावून बघू तरी नको, दिष्ट लागंल बिचाऱ्याला," म्हणाली आणि परत सूप हलवायला लागली. मग मीच उठले, फोन आत नेऊन कोठीवर ठेवला, दार ओढून घेतलं आणि कागद घेऊन बसले. कुणाशी तरी भांडल्याशिवाय आजचा दिवस जायचा नाही, आणि भांडायला तुमच्याइतकं सोयीचं माणूस दुसरं कोण? आता तुम्ही मधे बोलत नाही.

काय झालंय ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी सणासुदीला तोंड पाडून का बसलीय. कोकणात मी ज्या गावात काम करते, तिथल्या खाडीत वाळूचा एक पट्टा आहे. भरतीला तो पाण्याखाली असतो, ओहोटीला उघडा पडतो, आणि त्या वाळूत तिसऱ्या असतात. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यातला जीव. आपल्याकडं कुणी खात नाही, तुम्ही तर नाव ऐकूनच थुंकला असता. तिथल्या बायका मात्र आज्या-पणज्यांपासून हातानं वाळू उकरून त्या काढतात आणि विकतात, त्यावर घरं चालतात. मग व्यापाऱ्यांचे टेम्पो यायला लागले आणि नखाएवढी पिल्लंसुद्धा पाटीत जायला लागली. पट्टा रिकामा होत चालला. म्हणून गावानं ठरवलं, की दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत त्या पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही, पिल्लांना वाढू द्यायचं. पाडवा अजून लांब आहे आणि पुनवेची ओहोटी मोठी, एरवी न दिसणारी वाळूही या दिवसांत उघडी पडते. त्यात शिमग्याला मुंबईची माणसं गावी आलेली, घरोघर पाहुणे, प्रत्येक पाहुण्याला तिसऱ्या हव्यात, आणि रस्त्याला टेम्पो उभे. आज दिवस कलताना पाणी मागं हटेल. दरवर्षी या दिवशी मी त्या काठावर उभी असते. यंदा मुद्दाम इथं आलेय. मी नसताना तो पट्टा राहिला, तर मी आजवर काहीतरी केलं. नाही राहिला, तर इतकी वर्षं नुसता पगार खाल्ला.

तुम्हाला हे समुद्राचं खूळ कधी पटलं नाही. मी प्राणिशास्त्र घेतलं तोवर गप्प होता, कारण तुम्हाला वाटलं पोरगी गुरांची डॉक्टर होणार. समुद्राचं शिकायला किनाऱ्याकडं जाते म्हटल्यावर भाकरीचा घास तसाच हातात धरून तुम्ही म्हणालात, "कावून? बीडात समिंदर हाय का? हितं तळ्यात बेडकाला पाणी न्हाई, अन् हिला समिंदर पायजे!" माय चुलीपुढून म्हणाली, "शिकतीय तर शिकू द्या की." तिच्यावरही खेकसलात. पुढं कितीतरी दिवस तुमचं आणि माझं बोलणं नाही, काही हवं असलं की मायला सांगायचं, "तिला म्हणावं, बादली दे." आणि मग जायच्या आदल्या दिवशी बीडच्या बाजारातून गमबूट घेऊन आलात. काळे, गुडघ्याएवढे, एखाद्या धिप्पाड गड्याच्या मापाचे. दुकानदार चाचांनी तुम्हाला सांगितलं होतं, "ले जाव, इसमें पानी जाताइच नै." ते तुम्ही मला तसंच्या तसं त्यांच्या आवाजात ऐकवलंत. मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाडीत बसवताना कंडक्टरला बजावलंत, "पोरगी समिंदराला चाललीय, ध्यान ठेवा." सगळी गाडी मान वळवून माझ्याकडं बघायला लागली. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. पण बूट मी टाकले नाहीत. शिकत असताना त्या खाडीच्या चिखलात पहिल्यांदा उतरले ती तेच घालून. चार पावलं गेले असेन, पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. काठावरच्या बायका पोट धरधरून हसल्या. चिखलात अनवाणी उतरायचं असतं हे ना तुम्हाला ठाऊक, ना मला. फोनवर तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही विचारलंत, "पर पाणी तर गेलं न्हाई ना आत?"

आज सकाळी मी गायरानात जाऊन आले. माय म्हणत होती, जाऊ नको, काय ऱ्हायलंय तिथं. खरंच काही राहिलेलं नाही. दगड, वेड्या बाभळी आणि वाऱ्यानं येऊन अडकलेल्या पिशव्या. मी शाळेत होते तेव्हा तिथं माझ्या मांडीपर्यंत गवत होतं. एक कोरडं वर्ष सोसल्यावर मारुतीच्या देवळात बैठक झाली आणि ठरलं, की पाऊस लागल्यापासून दिवाळीपर्यंत गायरानात कुणाचं जनावर जाणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी सगळे विसरले, तुम्ही सोडून. तुम्ही आपली मेंढरं चुलत्याच्या हवाली केलीत, घोंगडं आणि काठी घेतलीत आणि बांधावर राखणीला जाऊन बसलात. कुणी बसवलं नव्हतं, कुणी उठवू शकलं नाही. मी भाकरी घेऊन यायची, तेव्हा लांबूनच तुमचा आवाज यायचा, "कावून बे, डोळे हायेत का गुंड्या? दिसत न्हाई का बंदी हाय?" आत्याच्या शेळ्या शिरल्या तर त्याही हाकत नेऊन कोंडवाड्यात घातल्यात. आत्या दारात येऊन ओरडली, "भाऊ हायेस का वैरी?" तुम्ही म्हणालात, "घरात भाऊ हाय. गायरानात न्हाई." नंतर किती वर्षं ती राखीला आली नाही. पण त्या उन्हाळ्यात गावात एकही जनावर चाऱ्यावाचून बाजारात गेलं नाही, हे मी बघितलंय. मला तुमचा लई अभिमान वाटायचा. अजून वाटतो, म्हणून तर इतका राग येतो.

मग एका श्रावणात तुम्ही बांधावरून घसरलात आणि पाय मोडला. बीडच्या दवाखान्यात पडून राहिलात. परत आणलं ते जीपच्या मागच्या बाकावर, पाय प्लॅस्टरमध्ये, मी उशी धरून बसलेली. वळणावरून गायरान दिसलं. जावळ काढल्यासारखं साफ. तुम्ही दवाखान्यात होता तेवढ्यात सगळ्या गावाची जनावरं शिरली होती, चुलत्याच्या हवाली केलेली तुमची मेंढरंही. तुम्ही भेटायला येईल त्याला विचारत होता, "कावून? म्या चार दिस गेलतो, तर कावून?" शेजारचे काका चहाची बशी तोंडाला लावत अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुमी न्हवता ना, आबा." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला वाटलं आता काठी उचलाल. आणि तुम्ही हसलात. खूश झालात. त्यानंतर मरेपर्यंत ही गोष्ट तुम्ही येईल त्या पाहुण्याला सांगत राहिलात, "बघा, माझ्याबिगर गायरान आठ दिस टिकलं न्हाई." एखादी शाबासकी मिळाल्यासारखं सांगायचात. तेव्हा मलाही ती शाबासकीच वाटायची. तुम्ही गेल्यावर बांधावर कुणी बसलं नाही, आणि कुणी बसायला हवं असं कुणाला वाटलंही नाही.

तुमचाच शब्द घेऊन मी कोकणात गेले, आणि पहिल्याच बैठकीत तोंडावर पडले. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. शाळेच्या पडवीत बायका जमल्या होत्या. मी तिसऱ्यांचं सगळं समजावून सांगितलं, त्या कधी बीज टाकतात, पिल्लू किती दिवसांनी वाळूत धरतं, आणि शेवटी ठासून म्हणाले, "म्हणून आपण सगळ्यांनी मिळून या पट्ट्याची राखण करू." तर एका म्हातारीनं विचारलं, "राखण? मगे कोंबो कोण देतलो?" मला वाटलं चेष्टा करतेय. मी हसले, तर कुणीच हसलं नाही. तेव्हा त्यांच्यातली एक, जिला सगळे वयनी म्हणतात, तिनं मला बाजूला घेऊन समजावलं. आपल्याकडं राखण म्हणजे माणूस काठी घेऊन बसतो. त्यांच्याकडं राखण म्हणजे गावाच्या राखणदाराला, त्या न दिसणाऱ्या देवाला, वर्षातून एकदा द्यायचा मान. कोंबडा, नारळ, आणि गावानं मिळून घातलेलं गाऱ्हाणं. जागा राखायचं काम त्याचं. गावानं एकत्र येऊन त्याला आठवण करून द्यायची. म्हणजे मी भर बैठकीत, परगावची, परजिल्ह्याची पोर, त्यांच्या देवाचा मान ठरवून मोकळी झाले होते.

मी माफी मागितली आणि शब्द मागं घ्यायला निघाले, तर वयनी म्हणाली आता तो मागं घेता येत नाही, निघाला तो निघाला. तो बायकांनी घरोघर नेला, पुरुषांनी त्यावर महिनाभर वाद घातला, आणि दसऱ्याच्या सुमाराला जेव्हा त्यांनी राखण दिली, तेव्हा गाऱ्हाण्यात आमचा पट्टा आला. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, हात जोडून मोठ्यानं म्हणत होता, की पाडव्यापर्यंत या वाळूत कोणी हात घालील त्याचा हात तू बघून घे, आणि सगळं गाव एका आवाजात म्हणालं, "व्हय म्हाराजा!" माझ्या अंगावर काटा आला. मी काही भोळी नाही, शिंपल्याच्या पोटात काय चालतं ते मी भिंगाखाली बघितलंय, त्यात देवाचा हात मला दिसलेला नाही. पण एवढी माणसं एकाच गोष्टीला एकाच वेळी हो म्हणताना मी त्याआधी बघितली नव्हती. आमचे कचेरीतले साहेब मात्र हसून हसून बेजार. म्हणाले, "मॅडम, अहवालात कोंबडा कुठल्या सदरात दाखवायचा?" मी म्हटलं, लोकसहभाग.

इथवर सगळं गोड आहे. पुढचं ऐका. बंदी लागली आणि मी काय केलं? तुमच्यासारखी काठावर जाऊन उभी राहिले. गाव राखण देऊन निवांत, आणि मी प्रत्येक ओहोटीला हजर. कुणी पाटी घेऊन दिसलं की आरडाओरडा. कुणाच्या सुनेला तोडून बोलले, टेम्पोवाल्याशी रस्त्यात हमरीतुमरीवर आले. दोन शिमगे असे गेले. पट्टा भरायला लागला, मला वाटलं जिंकलो. तेव्हा वयनी एकदा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, पदर खोचलेला, आणि म्हणाली, "तू हंय उबी आसंस म्हणान सगळ्यो गप आसत. तू गेलंस मगे काय?" तिला वाटलं असेल ती मला तिथंच राहायला सांगतेय. शेजारचे काका, ती बशी, तुमचं हसणं, सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. ती शाबासकी नव्हती, आबा. तो गायरानाचा निकाल होता, आणि तुम्हाला तो शेवटपर्यंत कळला नाही. तुम्ही एकट्यानं राखलं म्हणून ते तुमच्याबरोबर गेलं. गावाला राखायची सवय लागायची तर तुम्ही बांधावरून उठायला हवं होतं, आणि तुम्हाला तर तिथं बसण्यातच गोडी होती. रागावू नका. मलाही होती.

त्यानंतर मी मागं सरकायला लागले. ते किती अवघड असतं काय सांगू! बैठकीत तोंडाला कुलूप घालून बसायचं, बायका चुकीचं काही ठरवताना दिसल्या तरी लगेच हात वर करायचा नाही, विचारलं तरच सांगायचं. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे, कुणाकडून आलीय तेही. हळूहळू त्यांनी वाडीवाडीच्या पाळ्या लावल्या. भांडणं झाली, पाळ्या मोडल्या, परत लावल्या. एकदा तर वयनीच रुसून महिनाभर आली नाही. यंदा मी सांगून टाकलं, की शिमग्याला मी घरी जाणार, ज्वारीची काढणी आहे. साहेब म्हणाले, "डोकं फिरलंय का तुमचं? याच आठवड्यात?" मी म्हटलं, याच आठवड्यात. माय आल्यापासून मला पोळ्या वाढतेय आणि म्हणतेय, "काढणीला आली म्हणं, अन् कणसाला हात न्हाई लावला." खरं आहे. मी आलेय ते तिथं नसायला आलेय. आता उन्हं कलली. पाणी मागं हटलं असेल. मी उठणार नाही.

हे दुसऱ्या दिवशी लिहितेय. फोन काल आलाच नाही. आज सकाळी आला, वयनीचा. आधी शिमगा कसा झाला विचारलं, मायची तब्येत विचारली, सोंगं कुणी कुणी घेतली ते सांगितलं. माझा जीव टांगणीला आणि हिचं आपलं पुराण चालू. शेवटी मीच म्हटलं, "वयनी, पट्टा?" तर म्हणाली, "आसा मां. खंय जाता?" आहे की, कुठं जातोय? मग सगळं सांगितलं. टेम्पो दोन आले होते, पाळीवरच्या बायकांनी रस्त्यातूनच परत धाडले. पण पाणी हटल्यावर गावातल्या म्हाताऱ्या, एकट्या राहणाऱ्या, पाट्या घेऊन वाळूवर येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या बायका होडीनं पलीकडच्या किनाऱ्याला जाऊन तिसऱ्या काढतात, यांना होडीत चढता येत नाही. बंदी लागली की त्यांच्या चुलीवर काही नसतं, आणि यंदा त्या म्हणाल्या आता ऐकायचं नाही. त्यांच्या मागोमाग तरण्या बायकाही पाट्या घेऊन सरकायला लागल्या. म्हाताऱ्या आत गेल्या असत्या तर सगळं गाव आत गेलं असतं. भर वाळूत भांडण झालं, रडारड झाली. आणि मग तिथंच उभ्या उभ्या ठरलं, की खाजणाच्या, त्या खाऱ्या दलदलीच्या कडेचा एक तुकडा म्हाताऱ्यांना मोकळा, दरवर्षी, बंदीतसुद्धा. फक्त त्यांना, फक्त हातानं, पिल्लू आलं तर परत वाळूत. बाकी पट्टा पाडव्यापर्यंत बंद. सगळ्या घरी गेल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, आबा. खाजणाच्या कडेला पाणी संथ असतं, पिल्लं सगळ्यात जास्त तिथंच धरतात. अख्ख्या पट्ट्यात उघडू नये असा कुठला तुकडा असेल तर तोच. मी आवाज शक्य तितका खाली ठेवून विचारलं, "मला एक फोन तरी करायचा." वयनीला खरंच कळलं नाही मी काय म्हणतेय ते. म्हणाली, "विचारूचा काय त्यात? बसलंव, भांडलंव, ठरवलां." फोन ठेवून बाहेर आले तर माय वाटच बघत होती. "ऱ्हायलं का तुझं ते?" "ऱ्हायलं." "मग तोंड कावून असं?" काय सांगणार तिला! डोळ्यांत पाणी आलं ते पदरानं पुसलं, तर म्हणाली, "भुसा गेला असंल."

पाडव्यानंतर त्यांची बैठक आहे, तिला मी जाणार. चटईवर सगळ्यांत बसणार आणि माझी पाळी आली की सांगणार, की तो तुकडा चुकला. म्हाताऱ्यांना द्यायचाच तर खडकाकडचा द्या, पिल्लांची जागा सोडा. वाळू चाळून दाखवीन, पिल्लं त्यांच्या हातावर ठेवीन. ऐकतील किंवा ऐकणार नाहीत. नाही ऐकलं तर पुढच्या वर्षी परत सांगेन. मी काही सोडून देणारी नाही, फक्त बांधावर जाऊन बसणार नाही. एवढं तुमच्याशी भांडून मी ठरवलंय.

हे तुमच्यापर्यंत पोचवायची वाट नाही, आणि असती तरी धाडलं नसतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं असतं आणि सांजच्याला गावभर झालं असतं. म्हणून हे कुठंच न जाणाऱ्या कागदावरच सांगते, मायलाही नाही आणि वयनीला तर मुळीच नाही. काल मी त्या वाळूवर असते, तर त्या म्हाताऱ्यांना सरळ नाही म्हणाले असते, आणि दिवस मावळायच्या आत सगळा पट्टा गेला असता.